गटाची सहल : आधी रात्री मोजा, मग गावं

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आज बोलायचं आहे सहलीबद्दल. शेगावला सकाळी जाऊन संध्याकाळी परत, अशी नाही. तिरुपती, रामेश्वर, मदुराई, कन्याकुमारी अशी. बारा दिवसांची, चार मुक्कामांची, आणि जिथं स्टेशनवरची पाटीही आपल्याला वाचता येत नाही अशा मुलखातली.

गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येतात. एक म्हणते, "जाऊ व माय, एकदा तरी समुद्र पाहू." दुसरी लगेच म्हणते, "थ्या मुलखात आपलं बोलणं कोणाले समजीन?" मग कोणीतरी एखाद्या यात्रा कंपनीचा कागद आणते. नऊ दिवसांत चौदा ठिकाणं, जेवण-राहणं सगळं आत. बायका ठिकाणं मोजतात, पैसे भागिले ठिकाणं करतात आणि "स्वस्त पडते" म्हणून नावं देतात. परत आल्यावर त्याच सांगतात की मंदिर पाच मिनिटं पाहिलं आणि बस पंधरा तास पाहिली.

कंपनीबरोबर जाऊच नये असं मी म्हणत नाही. रेल्वेच्या आयआरसीटीसीच्या भारत गौरव यात्रागाड्या आहेत. आपल्या राज्यानं २०२४ साली मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आणली. तिच्यात ६० वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या व्यक्तीमागे ३०,००० रुपयांपर्यंत खर्चाची तरतूद ठेवली. गटातल्या ज्येष्ठ बायांनी समाजकल्याण कार्यालयात तिची चौकशी जरूर करावी. पण दुसऱ्यानं आखलेल्या सहलीत तारीख दुसऱ्याची, मुक्काम दुसऱ्याचा आणि घाईही दुसऱ्याची असते. जी बाई वर्षभर कपाशी वेचून, पापड लाटून पैसे जमवते, तिच्या आयुष्यात अशी सहल एकदा, फार तर दोनदा येते. ती तिच्या पायांना झेपेल अशीच असली पाहिजे. आणि गटाचं रजिस्टर ज्यांना लिहिता येतं, कर्जाचा हप्ता ज्यांना काढता येतो, त्यांना सहलही आखता येते. ती कशी, तेच आज पाहू.

पहिला नियम : रात्रींचा हिशेब

आपण सहल आखताना गावांची यादी करतो. ती बाजूला ठेवा. एका कागदावर फक्त रात्री लिहा आणि प्रत्येक रात्रीपुढे लिहा की आपण झोपणार कुठं, गाडीत की पलंगावर.

समजा, आपण बडनेरा किंवा अकोल्याहून निघालो. अमरावती ते तिरुपती थेट गाडी आहे. ती अकोला, पूर्णा, नांदेड, काचीगुडा अशी जाते आणि साधारण एक दिवस-एक रात्र घेते. म्हणजे पहिली रात्र गाडीत. पुढच्या दोन रात्री तिरुपतीला. चौथ्या दिवशी तिरुपतीहून रामेश्वरची गाडी, ती रात्र पुन्हा गाडीत. मग दोन रात्री रामेश्वर, एक रात्र मदुराई, दोन रात्री कन्याकुमारी. दहाव्या दिवशी तिथून नागपूरकडे निघायचं, त्या प्रवासात दोन रात्री धरा. बाराव्या दिवशी आपण घरी.

आता बेरीज करा. एकूण अकरा रात्री. गाडीत चार, पलंगावर सात. हा हिशेब गटापुढे मोठ्यानं वाचा. पलंगावरच्या रात्री गाडीतल्या रात्रींपेक्षा जास्त असल्या तर सहल झेपते. उलटं झालं तर माणूस आजारी पडतो आणि देव आठवत नाही, गुडघे आठवतात.

मग कोणी म्हणेल, "एवढ्या दूर चाललोच आहोत, तर वाटेत तंजावरही करू." मोह बरोबर आहे. तंजावरला १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं. तिथल्या मोठ्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरलेला भलामोठा लेख आहे आणि मराठी बोलणारी घरं तिकडे आजही आहेत. पण यादीत नाव घालायला एक ओळ लागते, आणि त्या गावी उतरायला एक रात्र लागते. ती रात्र कुठून काढणार, हे जी सांगेल तिनंच नाव घालावं. रात्र वाढवायची नसेल तर नाव वाढवायचं नाही.

दुसरा नियम : परतीपासून उलटं आखा

आपण जायच्या गाडीपासून सुरुवात करतो. लांबच्या सहलीत सुरुवात परतीच्या गाडीपासून करायची. का? कारण रोज न धावणाऱ्या गाड्याच सगळा बेत ठरवतात. कन्याकुमारीहून नागपूरमार्गे वर जाणारी हिमसागर एक्स्प्रेस आठवड्यातून एकदाच असते. तिरुपतीची आपली गाडीही रोज नसते, आणि तिरुपती-रामेश्वर थेट गाडीही रोज नसते.

उदाहरण घेऊ. समजा, परतीची गाडी शुक्रवारची ठरली. आपला बेत दहाव्या दिवशी निघायचा. आता जायची गाडी गुरुवारची मिळाली, तर पुढच्या आठवड्यातला शुक्रवार नववा दिवस येतो. एक दिवस कमी पडला. म्हणजे एक मुक्काम कमी करावा लागेल. जायची गाडी सोमवारची घेतली, तर पुढच्या आठवड्यातला शुक्रवार बारावा दिवस होतो. दोन दिवस जास्त मिळाले. या दोन दिवसांत तंजावर बसू शकतं. म्हणून आधी १३९ या रेल्वेच्या नंबरवर फोन करून किंवा स्टेशनवर विचारून प्रत्येक गाडीचे वार लिहून आणा. वार बदलत असतात, मागच्या वर्षी गेलेल्या नणंदेच्या आठवणीवर बेत आखू नका.

जुनी माहिती किती महागात पडते, याचं एक उदाहरण रामेश्वरचंच आहे. रामेश्वर हे बेट. तिथं जाणारा पांबनचा रेल्वेपूल १९१४ सालचा. तो जुना झाल्यामुळे डिसेंबर २०२२ पासून त्यावरून गाड्या बंद झाल्या. नवा पूल ६ एप्रिल २०२५ ला सुरू झाला. मधली दोन वर्षं लोकांना अलीकडच्या काठावर उतरून बसनं पुढे जावं लागत होतं. त्या काळात गेलेली बाई तुम्हाला आजही सांगेल की रेल्वे रामेश्वरपर्यंत जात नाही. ती खोटं बोलत नाही, तिची माहिती तेव्हाची आहे.

तिकिटांचं गणित

आता रेल्वेचे काही नियम नीट ऐका. जमलं तर वहीत उतरवून घ्या.

एक. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं, त्यात प्रवासाचा दिवस धरायचा नाही. पूर्वी १२० दिवस होते, नोव्हेंबर २०२४ पासून ६० झाले. आपली सहल बारा दिवसांची, म्हणजे जायचं आरक्षण आधी उघडतं आणि परतीचं त्यानंतर नऊ-दहा दिवसांनी. जायचं तिकीट पक्कं झालं म्हणून पेढे वाटू नका. शेवटचं तिकीट हातात येईपर्यंत लॉजला मोठी आगाऊ रक्कम भरू नका.

दोन. आरक्षणाच्या एका फॉर्मवर सहाच नावं बसतात. तुम्ही बारा जणी असाल तर एकापेक्षा जास्त फॉर्म लागतील. इथं थोडी अक्कल वापरता येते. लांब पल्ल्याच्या गाड्यांत स्लीपरच्या वर्गात बायांसाठी सहा बर्थचा वेगळा कोटा असतो. त्याला वयाची अट नाही, पण त्या फॉर्मवर फक्त बायाच हव्यात. दुसरा कोटा खालच्या बर्थचा. तो ४५ वर्षं आणि त्यावरच्या बायांना मिळतो, पण एकटी किंवा दोघीच एका तिकिटावर असतील तरच. म्हणजे ज्या दोघींना वरच्या बर्थवर चढताच येत नाही, त्यांचं तिकीट वेगळं काढायचं. बाकीच्या सहा आणि चार. त्या दोघींचा डबा कदाचित वेगळा पडेल, हे आधी सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी रडारड होणार नाही.

तीन. वेटिंगच्या तिकिटावर आरक्षित डब्यात चढता येत नाही. आरएसी म्हणजे चढता येतं, पण एका बर्थवर दोघींनी बसायचं. तत्काळवर बारा जणींचा बेत टांगून ठेवू नका. तत्काळच्या एका तिकिटावर चारच नावं बसतात आणि ते गाडी सुटायच्या आदल्या दिवशीच मिळतं.

चार. ज्येष्ठांना रेल्वेच्या भाड्यात मिळणारी सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. हिशेब पूर्ण भाड्यानं करा. एसटीत बायांना अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून आहे, ते गावापासून स्टेशनपर्यंत कामाला येतं. राज्याची हद्द ओलांडली की तिकडच्या बसला आपली सवलत चालत नाही.

पाच. तारीख. रेल्वेची तारीख रात्री बाराला बदलते. सोमवारी रात्री जेवण करून आपण स्टेशनवर गेलो आणि गाडी १२ वाजून २० मिनिटांची असली, तर त्या तिकिटावर तारीख मंगळवारची हवी. या एका गोष्टीपायी कितीतरी लोक फलाटावर हातात पक्कं तिकीट घेऊन उभे राहतात, आणि गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.

सहा. जिथून निघालो तिथंच परत यायचं आणि रस्ता गोल असेल, तर रेल्वे सर्क्युलर तिकीट देते. त्यात वाटेत आठ ठिकाणांपर्यंत उतरता येतं, आणि लांब अंतराचा दर लागत असल्यानं भाडं सुट्या तिकिटांपेक्षा कमी पडतं. बडनेरा-तिरुपती-रामेश्वर-कन्याकुमारी-नागपूर-बडनेरा हा रस्ता गोलच आहे. त्यासाठी स्टेशनवरच्या वाणिज्य विभागात आधी अर्ज करावा लागतो. बडनेरा आणि अकोला भुसावळ विभागात येतात. पण लक्षात ठेवा, हे तिकीट घेतलं तरी प्रत्येक टप्प्याचं आरक्षण वेगळं करावंच लागतं. त्यामुळे आरक्षणाच्या तारखांच्या बऱ्याच आधी अर्ज द्या.

कोणता महिना?

आपल्या कामाचं वेळापत्रक शेत ठरवतं. सोयाबीन निघतं दसरा-दिवाळीच्या आसपास. मग कापसाची वेचणी, मग तूर. हरभऱ्याची सोंगणी फेब्रुवारी-मार्चात. मार्चात पोरांच्या परीक्षा, एप्रिल-मेमध्ये गाड्या भरलेल्या आणि ऊन असह्य.

आता तिकडचं पाहा. आपला पाऊस संपतो तेव्हा तमिळनाडूचा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे पावसाचे आणि वादळांचे दिवस. रामेश्वरजवळची धनुष्कोडी ही वस्ती डिसेंबर १९६४ च्या वादळात वाहून गेली, तिच्यासोबत माणसांनी भरलेली रेल्वेगाडीसुद्धा. नोव्हेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत शबरीमलैच्या यात्रेकरूंनी दक्षिणेकडच्या गाड्या भरलेल्या असतात, आणि संक्रांतीलाच तिकडे पोंगलची गर्दी.

म्हणजे आपली तूर घरात आलेली, हरभरा अजून उभा, तिकडे पाऊस संपलेला आणि पोंगल उरकलेला, असे दिवस उरतात संक्रांतीनंतरचे तीन-चार आठवडे. त्यातही पंचांग उघडून दोन दिवस टाळा. पौष अमावस्येला रामेश्वरला समुद्रस्नानाची प्रचंड गर्दी होते. रथसप्तमीला तिरुमलेवर मोठा उत्सव असतो. गर्दीत जायचंच असेल तर जाणूनबुजून जा, चुकून सापडू नका.

प्रत्येक मुक्कामाची खूण

तिरुपतीला ३०० रुपयांचं विशेष प्रवेश दर्शनाचं तिकीट देवस्थानच्या संकेतस्थळावर सुमारे तीन महिने आधी मिळतं, आणि लवकर संपतं. म्हणजे रेल्वेच्या आरक्षणाच्याही आधी दर्शनाची तारीख ठरते. ते मिळालं तर त्या तारखेभोवती बाकीचा बेत बसवा. नाही मिळालं तर मोफत दर्शनाची रांग आहेच, म्हणून तर तिथं दोन रात्री ठेवल्या. तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच हवं, मूळ आधार सोबत हवं. दर्शनाला साडी किंवा ओढणीसह पंजाबी ड्रेस चालतो. डोंगर पायी चढायचा तर अलिपिरीच्या वाटेनं साडेतीन हजारांवर पायऱ्या आहेत. ज्यांना चढायचं त्यांनी चढावं, बाकीच्यांनी बसनं जावं. त्यावरून कोणाची भक्ती मोजू नये. वर मोफत अन्नप्रसादाचं जे मोठं सभागृह आहे, त्याला तरिगोंड वेंगमांबा यांचं नाव आहे. अठराव्या शतकात जन्मलेली ही तेलुगू संत कवयित्री. आपल्या जनाबाई, बहिणाबाईंची तिकडची बहीणच म्हणा.

रामेश्वरला मंदिराच्या आवारात बावीस तीर्थं आहेत. प्रत्येक ठिकाणी बादलीनं पाणी अंगावर घेत पुढे जायचं. फरशी सगळी ओली असते. म्हाताऱ्या बाईचा हात धरायला एक तरणी हवीच. ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे जाता येत नाही, म्हणून कोरडी साडी पिशवीत घेऊन एक जण बाहेर थांबेल, हे आदल्या रात्रीच ठरवा.

एक गोष्ट सगळ्या दक्षिणेला लागू. तिकडची बरीच मोठी मंदिरं दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास बंद होतात आणि तीन-चारला उघडतात. मदुराईच्या मीनाक्षीला दुपारी एकला पोचलात तर बंद दाराचं दर्शन होईल. म्हणून सकाळ मंदिराला, दुपार झोपेला आणि संध्याकाळ पुन्हा मंदिराला. तिकडच्या हवेला हेच बरं.

कन्याकुमारीला दोन रात्री का ठेवल्या, असं कोणी विचारेल. विवेकानंद स्मारकाच्या खडकावर बोटीनं जावं लागतं. समुद्र खवळला की बोट बंद. एकच दिवस असेल तर हजार मैल जाऊन काठावरून परत यायची वेळ येते. दोन दिवस असले की दुसरा दिवस हाताशी राहतो. आणि तिथं गेल्यावर एक ध्यानात असू द्या. १९७० साली उभं राहिलेलं ते स्मारक ज्यांनी उभं केलं, ते एकनाथ रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे. देशभरातल्या साध्या माणसांकडून एकेक रुपया घेऊनही त्यांनी निधी जमवला. बचत गटाच्या बाईला ही गोष्ट कोणी समजावून सांगायला नको.

पैशाची पिशवी वेगळी

सहलीचा पैसा गटाच्या बचतीत आणि कर्जात मिसळू नका. बैठकीत ठराव घ्या, इतिवृत्तात लिहा, वेगळी वही करा. बारा जणींनी महिन्याला ३०० रुपये टाकले, तर दीड वर्षात प्रत्येकीचे ५,४०० आणि सगळ्यांचे मिळून ६४,८०० होतात. हे पैसे मध्येच कोणाला उसने द्यायचे नाहीत. एखादी मध्येच गळली तर तिचे किती पैसे परत द्यायचे, तेही पहिल्याच दिवशी लिहा. जमलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवून बाकीच्यात बेत बसवा. तो पाचवा हिस्सा दवाखान्याचा, चुकलेल्या गाडीचा. उरला तर परत येऊन वाटून घ्या.

वाटेत सगळी रोकड एकीजवळ नको. तिघींजवळ वाटा. ब्लाउजमधला बटवा मोबाइलपेक्षा जुना आहे, पण आजही तितकाच कामाचा आहे.

शरीराचं बोला, लाजू नका

आता थोडं स्पष्ट बोलते. रेल्वेत संडासाला जावं लागू नये म्हणून आपल्या बाया पाणीच पीत नाहीत. दोन दिवसांनी लघवीला जळजळ, ताप, आणि सहल संपली. पाणी प्यायचं. दोघी-दोघींनी मिळून जायचं, एकीनं दाराशी थांबायचं.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून मनानं आणू नका. त्या सगळ्यांना चालत नाहीत. बीपी, रक्ताची गाठ होण्याचा त्रास, अर्धशिशी असलेल्या बाईनं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नये. निघायच्या महिनाभर आधी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा.

बीपी-शुगरच्या गोळ्या बारा दिवसांच्या नव्हे, वीस दिवसांच्या घ्या. त्या दोन पिशव्यांत वाटून ठेवा आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. लॉजला फोन करताना चार प्रश्न विचारा : खोली कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, खुर्चीचा संडास आहे का, आणि खोली कधी सोडायची? गुडघे दुखणाऱ्या बाईसाठी हे प्रश्न भाड्यापेक्षा मोठे आहेत.

तिकडे तीन वेळ भात असतो. पहिल्या दोन दिवसांच्या दशम्या, जवसाची चटणी, फुटाणे, शेंगदाण्याचे लाडू बांधून न्या. सामान मात्र एवढंच, की जिचं तिला उचलता आलं पाहिजे.

बोलायचं कसं?

तेलुगू-तमिळ येत नाही म्हणून घाबरू नका. एक शब्द तुमच्याजवळ आधीच आहे, "अक्का". मोठ्या बहिणीला तेलुगूतही अक्का म्हणतात, तमिळमध्येही अक्काच. फुलवालीला, भाजीवालीला अक्का म्हटलं की ती वळून पाहते. आणखी चार शब्द शिका. किती झाले, याला तेलुगूत "एंत", तमिळमध्ये "एव्वळवु". नको, याला तेलुगूत "वद्दु", तमिळमध्ये "वेंडाम". पुरे, याला तेलुगूत "चालु", तमिळमध्ये "पोदुम". पाण्याला तेलुगूत "नीळ्ळु", तमिळमध्ये "तण्णी". गटाच्या दोन बैठकींत हे पाठ होतात.

लॉजवर पोचल्याबरोबर त्याच्या पाटीचा मोबाइलवर फोटो काढा आणि लॉजचं कार्ड प्रत्येकीच्या बटव्यात ठेवा. वाट चुकलेल्या बाईनं काही बोलायचं नाही, रिक्षावाल्याला फक्त कार्ड दाखवायचं. कामंही वाटून घ्या. तिकिटं एकीकडे, वही एकीकडे, औषधं एकीकडे. आणि एक बाई फक्त डोकी मोजणारी. गाडीत चढताना, उतरताना, मंदिरातून निघताना ती मोजेल, आणि बारा भरल्याशिवाय कोणी पाऊल उचलायचं नाही. संकटात ११२, रेल्वेत १३९, हे दोन नंबर सगळ्यांना तोंडपाठ हवेत.

घरचं काय?

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा. "मी तं येतो व, पण म्हशीचं कोण पाहीन?" कितीतरी सहली तिकिटापायी अडत नाहीत, या म्हशीपायी अडतात. किंवा सासूच्या औषधापायी, पोराच्या डब्यापायी. याचं उत्तर एकट्या बाईनं घरात मागू नये. गटानं द्यावं. गटात वीस जणी असतील आणि बारा निघाल्या, तर मागच्या आठ जणींनी कोणाकडे दूध काढायचं, कोणाच्या सासूला पाहायचं, हे नावानिशी लिहा. पुढच्या खेपेला त्या आठ जातील आणि आज गेलेल्या मागे राहतील. हेही इतिवृत्तात येऊ द्या. घरच्या माणसाला "जाऊ का?" असं विचारण्याऐवजी तारखा, तिकिटं, खर्च आणि मागची व्यवस्था लिहिलेला कागद समोर ठेवला, की बोलणं वेगळं होतं. त्या कागदाची एक प्रत घरीही राहू द्या. आज आपली बाई कुठल्या गावी आहे, हे घरच्यांना रोज कळलं पाहिजे.

सगळ्यात सावकाश चालणारी बाई गटात कोण आहे, तिला आखणीच्या बैठकीत पहिली बसवा. तिला झेपेल तो बेत सगळ्यांना झेपतो. तिला मागं टाकून केलेला बेत पहिल्याच जिन्याशी मोडतो.

आता पुढच्या बैठकीत एवढंच करा. कोऱ्या कागदावर एक ते अकरा आकडे घाला. प्रत्येक आकड्यापुढे लिहा, ही रात्र कुठं? अकराही रात्री भरल्या, की अर्धी सहल झालीच समजा. मग तिकिटांच्या मागे लागा.

काही विचारायचं असेल तर गटाच्या नावानं रेडिओ केंद्राला पत्र टाका किंवा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. उत्तरं पुढच्या भागात देऊ. तोवर नमस्कार.